त्रिनिदादचे डबल्स : बारा कडक होतोय, चणा कणीदार राहतोय. नेमकं कुठं चुकतंय?

केळीचं पान (जळगाव)

रविवारी भिशीला ४० डबल्स करायचे ठरलेत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी एका ओळीत सांगते: हळद घातलेल्या आंबवलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या चकत्या, मध्ये ओलसर करी चणा, वरून चिंच, काकडी आणि मिरचीच्या चटण्या. चकतीला तिकडे ‘बारा’ म्हणतात. इथं आकडा कुठला आणि पदार्थ कुठला असा घोळ नको, म्हणून मी अनेकवचनी ‘बारे’ लिहिते.

दोन वेळा करून पाहिले, दोन्ही वेळा फसले. प्रमाण जसंच्या तसं देते, म्हणजे चूक शोधायला सोपं जाईल.

पहिला घाणा: मैदा ३०० ग्रॅम, ड्राय यीस्ट १ चहाचा चमचा, साखर १ चमचा, मीठ, अर्धा चमचा हळद, पाणी १७० मिली. पुरीच्या कणकेसारखं मळून तासभर झाकलं, लाटलं, मध्यम-मंद आचेवर दोन्ही बाजू बदामी होईतो तळलं. फुगले छान, पण पाच मिनिटांत कडक. घडी घालायला गेलं की तडकतात.

दुसरा घाणा: पाणी २०० मिली, बाकी तेच. सकाळी ११ ला भिजवलं, २ ला उघडलं. ओट्याशी ४२ अंश असावेत. पीठ फुगून परत बसलेलं, वास आंबूस. तळताना तेल प्यायले, फुगले नाहीत.

चणे: मोठे काबुली, बोअरच्या पाण्यात ८ तास भिजवून ५ शिट्ट्या. साल मऊ, आत मात्र कणी. रस्सा कांदा-टोमॅटो आणि गरम मसाल्याचा केला, तो सरळ छोल्यांसारखा लागला.

बारा मऊ राहण्यासाठी काय करायचं, चणा कसा शिजवायचा आणि एवढ्या संख्येला वेळेचं गणित कसं बसवायचं, हे सांगा.

खापर (फैजपूर)

ताई, पहिल्या घाण्याचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. ३०० ग्रॅमला १७० मिली ही पुरीची कणीक झाली, मग तळल्यावर पुरीच होणार. बाऱ्याला त्याच मैद्यात २२५ ते २४० मिली पाणी लागतं. एवढी सैल कणीक पाहून पहिल्यांदा हात मागे येतो, पण आपल्याकडे मांडे करणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. हातावर पसरून खापरावर टाकायची मांड्याची कणीक जशी लवचिक आणि ओघळती असते, त्याच जातीची ही कणीक आहे. लाटणं-पोळपाट बाजूला ठेवा. लाटायचा म्हटला की मैदा भुरभुरावा लागतो. तो तेलात जळतो, तेल काळं करतो आणि बाऱ्याची कड कोरडी करतो.

२० बाऱ्यांचं, म्हणजे १० डबल्सचं प्रमाण असं: चाळलेला मैदा ३०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम (सपाट १ चहाचा चमचा), साखर १ चमचा, मीठ ५ ग्रॅम, हळद अर्धा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा. हळद यापेक्षा जास्त नको, कडवट लागते. कोरडं सगळं आधी हातानं एकत्र करा. त्यात २२५ मिली पाणी एकदम ओता आणि बोटांनी गोल फिरवत कालवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा आणि १० मिनिटं झाका. मैद्याला पाणी प्यायला वेळ लागतो. त्या १० मिनिटांनंतर तीच कणीक अर्धी कमी चिकट वाटते. अजून घट्ट वाटली तर उरलेले १०–१५ मिली आता घाला, आधी नको, कारण मैद्यागणिक पाणी बदलतं.

मग तेलाचा हात घेऊन कणकेची एक कड ओढायची, वर आणून मधोमध दुमडायची, परात थोडी फिरवून पुन्हा तेच. असे सात-आठ दुमड पुरे. हे मळणं नाही, नुसते पदर आणणं आहे. नीट जमली असेल तर उचलताना कणीक परातीला थोडी धरून राहते, मग बोटांमागे लांब पदर सोडत सावकाश खाली येते. धपकन पडली तर घट्ट आहे, पाण्यासारखी सांडली तर जास्त सैल.

दुसरा घाणा उन्हानं बिघडवला. खानदेशात मे महिन्यात कोणत्याही परदेशी पाककृतीतली वेळ चालत नाही. तीन तास म्हणजे यीस्टनं सगळी साखर संपवून पीठ आंबट केलं. असं जास्त आंबलं की मैद्याची ताकद जाते, वाफ आत धरून ठेवता येत नाही, म्हणून फुगला नाही आणि त्याच भोकांतून तेल आत गेलं. या दिवसांत यीस्ट निम्मं (दीड ग्रॅम) घ्या आणि पाणी माठातलं थंड. दुपारी टाकीच्या नळाचं पाणी अंगाला भाजेल इतकं तापलेलं असतं, ते कणकेत मुळीच नको. ४० मिनिटांनी बघा. घड्याळापेक्षा आकार बघा: दुप्पट झालं की झालं. तेलाचं बोट बुडवून खड्डा केला आणि तो हळूहळू अर्धा भरून आला तर बरोबर. लगेच पूर्ण भरला तर अजून वेळ आहे, तसाच राहून भोवतालचं पीठ बसलं तर उशीर झाला. थंडीत याच घरात दीड-दोन तास लागतात. तेव्हा यीस्ट ३–४ ग्रॅम आणि पाणी बोटाला सुखद वाटेल इतकं कोमट घ्या. कडकडीत पाण्यानं यीस्ट मरतं.

फुगलं की हवा पूर्ण दाबून काढू नका. तेल लावलेल्या हातानं २७ ग्रॅमचे उंडे तोडा, लहान लिंबाएवढे. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पीठ वर ढकलायचं आणि खालून चिमटायचं, म्हणजे वरची बाजू आपोआप गुळगुळीत येते. तेल लावलेल्या ताटात दोन बोटं अंतरावर ठेवून वरून तेलाचा हात फिरवा, पातळ ओलं कापड घाला, १५ मिनिटं थांबा. ही विश्रांती चुकवली की थापताना चकती आक्रसून परत लहान होते आणि माणूस जोर लावतो, मग मध्ये भोक.

थापायचं ते तेलाच्या ताटातच, बोटांच्या पेरांनी, मधून कडेकडे, साडेचार-पाच इंचांपर्यंत. मधे जरा पातळ आणि कड किंचित जाड राहिली तरी चालते. उचलून दोन्ही तळहातांवर एकदा पालटली की उरलेला ताण निघतो.

आता तेल, कारण तुमचा पहिला घाणा निम्मा तिथेच गेला. मंद आचेवर बदामी होईतो तळलं की आतलं पाणी उडून जातं, आणि पाणी गेलं की मऊपणा गेला. तेल १८५ अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर वाटाण्याएवढं पीठ टाका. ते बुडून दोन सेकंदांत वर आलं पाहिजे आणि दहा सेकंदांत रंग बदलता कामा नये. बारा सोडला की आधी कडेनं बारीक बुडबुडे धरतो, मग पृष्ठभागावर दोन-तीन फोड येतात, आणि ते एकमेकांत मिळून पोट वर येतं. इथवर आठ-दहा सेकंद. झाऱ्यानं दाबू नका, नुसतं कडेचं तेल त्याच्यावर ढकला. पालटा, आणखी पाच-सहा सेकंद, आणि बाहेर. रंग पिवळा, फार तर एखादा सोनेरी ठिपका. बदामी झाला तो जास्त झाला.

झाऱ्यावर उभा धरून तेल निथळा आणि लगेच सुती कापड अंथरलेल्या डब्यात एकावर एक रचा. कापडाची टोकं वर घ्या, झाकण लावा. हा भाग लोक सोडून देतात आणि मग म्हणतात कडक झाले. बारा तेलातून निघताना किंचित कडकच असतो. डब्यात स्वतःच्याच वाफेत १० मिनिटं बसल्यावर तो रुमालासारखा घडी होतो. कापडाशिवाय डबा बंद केला तर झाकणाचं पाणी गळून वरचे दोन-तीन बारे चिकट होतात.

तापीकाठ (भुसावळ)

चण्याबद्दल लिहितो, बाऱ्यावर खापरताईंनी सगळं सांगितलंय.

पाणी हे पहिलं कारण. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चण्याच्या सालीतल्या आणि पेशींच्या भिंतीतल्या पेक्टिनला घट्ट बांधतं, मग कितीही शिट्ट्या काढा, आत कणी राहते. भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला फिल्टरचं पाणी घ्या. २५० ग्रॅम चण्याला १ लिटर पाणी आणि अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा, १० ते १२ तास. उन्हाळ्यात एवढा वेळ बाहेर ठेवले तर फेस येतो आणि वास लागतो, म्हणून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये जागा नसेल तर दर तीन तासांनी पाणी बदला आणि सोडा फक्त शेवटच्या पाण्यात. मग तीन पाण्यांनी धुवा. सोडा राहिला तर चव साबणासारखी येते आणि चण्याचा रंगही मळकट होतो.

दुसरं, शिट्ट्या मोजणं. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या आठ मिनिटांत होतात. चण्याला वेळ हवा असतो, शिट्टी नाही. वर दोन बोटं पाणी, चिमूटभर सोडा, एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून २० मिनिटं. ‘डॉलर’ म्हणून मिळतात ते टपोरे असतील तर २५ ते ३०. वाफ आपोआप जिरू द्या. जबरदस्तीनं शिट्टी उचलली की चणे फुटून सालं वेगळी होतात. कुकर उघडल्यावर एक चणा अंगठा आणि बोटात धरा. बोटचेपा नाही, त्याच्याही पुढे, लोण्यासारखा सपाट झाला पाहिजे. मधे बारीकसा खडा लागला तर पुन्हा १० मिनिटं.

मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही असं घरोघरी सांगतात. मीठ अडवत नाही, आंबट अडवतं. टोमॅटो आणि चिंच शिजण्याआधी घातली की चणा तिथेच थांबतो. आणि जुना माल, वर्ष-दोन वर्षं पडलेला चणा, कधीच मऊ होत नाही. घेताना एक दाताखाली फोडून बघा आणि सुरकुतलेला, फिकट तपकिरी दिसणारा टाळा.

आता रस्सा. त्यात टोमॅटो नाही, गरम मसाला नाही, लाल तिखटही नाही. आणि आपला काळा मसाला तर मुळीच नको, खोबऱ्यानं आणि भाजलेल्या कांद्यानं तो शेवभाजीच्या रश्श्याकडे जातो. त्रिनिदादच्या करी पावडरीची ओळख हळद, धने, जिरे आणि मेथी. घरी करायची तर धने ४ मोठे चमचे, जिरे १ मोठा चमचा, मेथी, मिरे आणि बडीशेप प्रत्येकी १ चहाचा चमचा. हे फक्त ओलावा जाईल इतकं गरम करून दळा आणि दीड मोठा चमचा हळद मिसळा. तिखटपणा चटणीतून येतो, कारण तिथे ज्याला त्याला हवा तेवढा विचारून घालतात.

२५० ग्रॅम चण्याला २ मोठे चमचे पावडर, चार चमचे पाण्यात कालवून. कोरडी पावडर थेट तेलात पडली तर मेथी जळून कडवट होते. कढईत २ मोठे चमचे तेल, त्यात बारीक चिरलेला अर्धा कांदा, ६ पाकळ्या ठेचलेला लसूण. लसूण रंग धरायच्या आत मसाल्याचं पाणी ओता. आधी खदखदेल, मग घट्ट होईल, मग कडेनं तेल सुटून मसाला रवाळ दिसेल. अडीच-तीन मिनिटं लागतात. हा टप्पा अर्धवट सोडला की कच्च्या हळदीचा वास जेवण संपेतो जात नाही. आता चणे घालून मसाल्यात घोळवा, ३ वाट्या गरम पाणी, मीठ, आणि मंद आचेवर २० मिनिटं. पाव भाग चणे डावानं कढईच्या कडेला चेपा, त्यानं रस्सा आपोआप आळतो. उतरवताना १ चहाचा चमचा गडद भाजलेल्या जिऱ्याची पूड. रस्सा पातळच उतरवा, पळीतून सहज ओघळेल असा. गार होताना चणा पाणी ओढतो आणि घट्ट रस्सा बाऱ्याला कोरडा करतो.

एक वस्तू इथे मिळणार नाही: शॅडो बेनी, लांब दातेरी पानांची वनस्पती, वास कोथिंबिरीचाच पण कितीतरी उग्र. आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत ती पिकते. तिच्याऐवजी कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या लसणाबरोबर ठेचा. पानांपेक्षा काड्यांचा वास शिजण्यात जास्त टिकतो.

सरकी (धुळे)

राम राम मंडळी. वरच्या दोन्ही उत्तरांत थोडी भर आणि एक मतभेद.

मतभेद पाण्यावरून. ज्यांनी कधी सैल कणीक हाताळली नाही त्यांनी पहिल्यांदाच २४० वर जाऊ नये, २१५ वर सुरुवात करावी. बारा किंचित जाडसर येतो, पण फाटत नाही. ८० बारे करायचे असतील तर न फाटणं जास्त महत्त्वाचं.

तेल: शेंगदाण्याचं घाण्याचं तेल याला जड पडतं, त्याचा वास हळदीच्या वर चढतो. रिफाइंड सरकीचं तेल उत्तम, वास नाही आणि ताप सहन करतं. कढईत दोन इंच तरी हवं, कमी तेलात बारा सोडला की तापमान एकदम खाली येतं. एका वेळी तीनपेक्षा जास्त नकोत, कारणही तेच.

नावाबद्दल कुणी विचारलं नाही, पण ते कळलं तर पदार्थ कळतो. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ जहाजातून भारतातले गिरमिटिये, म्हणजे कराराने नेलेले मजूर, पहिल्यांदा त्रिनिदादला उतरले, आणि ही भरती १९१७ पर्यंत चालली. त्यातले बहुतेक भोजपुरी मुलखातले. भोजपुरीत वडा म्हणजे बरा, तोच हा बारा. डबल्स मात्र तिकडेच जन्मले. १९३६ साली प्रिन्सेस टाउनला इमामूल दीन आणि त्यांच्या पत्नी रसूलन यांनी बारा-चणा विकायला सुरुवात केली. आधी एकाच बाऱ्यावर चणा मिळायचा. गिऱ्हाईकं ‘डबल कर’ म्हणू लागली आणि तेच नाव पडलं. म्हणून ही चव उत्तरेच्या छोल्यांची नाही. टोमॅटो-गरम मसाल्याची भाजी घातली तर ती दुसरी वस्तू होते, चांगली असेल, पण डबल्स नाही.

मिरचीबाजार (नंदुरबार)

चटण्या राहिल्याच. चणा मुद्दाम सौम्य असतो, त्यामुळे चटणी फसली तर डबल्स पचपचीत लागतात.

चिंच: १०० ग्रॅम चिंच ३०० मिली गरम पाण्यात अर्धा तास, कोळून गाळा. ७० ग्रॅम गूळ, मीठ, दोन पाकळ्या लसूण, अर्धा चमचा जिरेपूड, सहा-सात मिनिटं उकळी. पाणीपुरीच्या गोड चटणीपेक्षा आंबट आणि पातळ हवी, चमच्यातून धार पडली पाहिजे.

काकडी: बिया काढून किसा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, अर्धं लिंबू. मीठ वाढताना घाला. आधी घातलं तर वाटीभर पाणी सुटतं आणि ते खालच्या बाऱ्यात शिरून कागदासकट लगदा होतो.

मिरचीची चटणी तिकडे स्कॉच बॉनेटसारख्या मिरचीची असते. त्या मिरचीला तिखटाच्या आधी फळासारखा वास येतो. नंदुरबारच्या लाल ओल्या मिरचीत तिखट आहे, तो वास नाही. तो थोडाफार आणायला पपई वापरा, शहादा पट्ट्यातली कच्ची पपई, जिच्यात नुकती पिवळी झाक आली आहे. पपई १५० ग्रॅम सोलून उकडा, लाल मिरची १०० ग्रॅम, लसूण ८ पाकळ्या, मोहरी १ चहाचा चमचा, मीठ २ चमचे, व्हिनेगर १०० मिली, सगळं वाटून १० मिनिटं शिजवा. तिकडच्या सॉसमध्येही पपई आणि मोहरी घालतात. वाळलेली मिरची भिजवून वापरू नका, तिचा भाजका-मातकट वास इथे बेसूर वाटतो. खिडकी उघडी ठेवून शिजवा, व्हिनेगरमध्ये मिरचीची वाफ थेट घशात जाते. काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये चांगली टिकते. दुसऱ्या दिवसापासून चव मुरते, म्हणून शुक्रवारीच करा.

कैरीचे दिवस आहेत तर कुचेला, म्हणजे तिकडचं कैरीचं तिखट लोणचं, करा: कैरी किसून घट्ट पिळा, आपल्या उन्हात कापडाखाली एक दिवस वाळवा, भाजलेले धने-जिरे-मोहरी-मेथी-बडीशेप यांची पूड, लसूण, मिरची आणि मोहरीचं तेल.

केळीचं पान (जळगाव)

एवढं मोजून-मापून कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दोन शंका. ८० बाऱ्यांची कणीक एकदम भिजवू का? आणि यीस्ट न घालता फक्त बेकिंग पावडरवर बारे होतील का?

खापर (फैजपूर)

एकदम नको. १ किलो २०० ग्रॅम मैदा एका परातीत घातला तर शेवटचे बारे थापेपर्यंत मागची कणीक उतून आंबट होते. ६०० ग्रॅमचे दोन घाणे करा, दुसरा पहिल्याच्या ४० मिनिटांनी भिजवा. पहिल्याचे उंडे संपतील तेव्हा दुसरा तयार असेल. दोन माणसं लागतात. एक थापेल, एक तळेल. थापणारीचे हात तेलाचे असतात, तिनं झाऱ्याला हात लावायचाच नाही. मैदा-पाणी चौपट करा, पण यीस्ट या उन्हात चौपट नको, दोन्ही घाण्यांना मिळून ५ ग्रॅम पुरे. पीठ जितकं जास्त, तितकं ते आतून गरम राहतं आणि भराभर फुगतं.

१ किलो चणा शनिवारी रात्री शिजवून मसाल्यात घालून ठेवा, गार करून फ्रीजमध्ये. रविवारी दोन वाट्या गरम पाणी घालूनच गरम करा. बारे त्याच दिवशी. भिशी पाचला असेल तर साडेतीनला तळायला बसा. गार झालेच तर इडलीपात्रात कापडात गुंडाळून दोन मिनिटं वाफ द्या. तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, चामट होतात.

बेकिंग पावडरचा बारा होतो, पण तो तुटतो, घडी घेत नाही. यीस्टच नसेल तर बारा करूच नका, तिकडचाच दुसरा प्रकार करा. खाली कुणी तरी लिहीलच.

भरीतवांगं (यावल)

तो दुसरा प्रकार म्हणजे ‘बेक’. नावात भाजणं आहे, पण फ्राय बेक तळतात. पोर्ट ऑफ स्पेनच्या उत्तरेला माराकास किनाऱ्यावर त्यात तळलेला शार्क घालून विकतात, तो ‘बेक अँड शार्क’. आपल्याकडे शार्क नको आणि लागतही नाही, बिनकाट्याच्या कुठल्याही माशाचा तुकडा लसूण-लिंबू लावून, मैद्यात घोळवून तळला की काम होतं. रोहू-कटल्याचे बारीक काटे मात्र पावात लागतात, ते टाळा.

बेकचं प्रमाण: मैदा ३०० ग्रॅम, बेकिंग पावडर २ चहाचे चमचे, साखर १ चमचा, मीठ पाऊण चमचा, लोणी २५ ग्रॅम. लोणी बोटांनी मैद्याला चोळा, मग १६५ ते १७५ मिली पाणी. दोन मिनिटांपेक्षा जास्त मळू नका, जास्त मळला की रबरासारखा ओढला जातो. अर्धा तास झाका, ६ गोळे, ४–५ मिलिमीटर जाड लाटा. इथे लाटणं चालतं. यापेक्षा पातळ लाटला की पुरी होते, जाड ठेवला की मध्ये कच्चा पिठाचा थर राहतो. तेल बाऱ्यापेक्षा कमी तापलेलं, १७५ अंश. सोडल्या सोडल्या झाऱ्यानं वर तेल उडवत राहा, फुगेल, प्रत्येक बाजू साधारण मिनिटभर, सोनेरी रंग. कोमट झाल्यावर सुरीनं कडेला चीर द्या, आत पोकळ खिसा मिळतो. गरम असताना कापला तर वाफ जाऊन आतला भाग चिकटतो.

आता खानदेशानं लक्ष द्यावं अशी गोष्ट. त्रिनिदादमध्ये वांगं विस्तवावर भाजून त्याचा ‘चोका’ करतात. वांग्याला चिरा पाडून लसणाच्या पाकळ्या आत खोचतात, साल काळं होईतो भाजतात, गर चेचून त्यावर लसूण घातलेलं कडकडीत तेल ओततात. आपलं भरीत आणि हे यांत दाण्याचा, कांद्याच्या पातीचा आणि बडगीचा (भरीत कुटायच्या लाकडी भांड्याचा) फरक. रोटीबरोबर तिकडे तो नाश्त्याला असतो आणि बेकमध्ये भरला तर अप्रतिम लागतो. भरीत मात्र कोरडंसर घ्या, बडगीत कुटल्यावर चाळणीत दहा मिनिटं ठेवून पाणी गळू द्या, नाहीतर खिसा ओला होऊन फाटतो. खरी भरिताची वांगी, बामणोद-आसोद्याची, हिवाळ्यात येतात. आत्ता बाजारात मिळतं त्यात बिया फार, म्हणून हा प्रकार थंडीसाठी राखून ठेवा.

तापीकाठ (भुसावळ)

वाढण्याबद्दल शेवटचं, कारण ४० जणी समोर असताना इथेच गोंधळ होतो.

आठ इंची चौकोनी बटर पेपर आधीच कापून ठेवा. कागदावर दोन बारे अर्धे एकमेकांवर सरकवून ठेवायचे, सँडविचसारखे समोरासमोर नव्हेत. जिथे ते एकमेकांवर येतात तिथे दोन मोठे चमचे चणा, त्यावर चिंचेची धार, चिमूटभर काकडी, मग मिरची. मिरची किती ते विचारा. तिकडे ‘स्लाइट’ म्हटलं की नावाला आणि ‘प्लेंटी’ म्हटलं की सढळ हातानं. तीनपेक्षा जास्त चमचे चणा घातला तर बारा फाटतो, हवा तर वर आणखी वाढा. कागदाची दोन टोकं वर घेऊन पीळ द्या आणि लगेच हातात द्या. आधी बांधून ताटात रचून ठेवले तर दहा मिनिटांत खालचा बारा रस्सा पिऊन विरतो. खाताना कागद उघडून वरच्या बाऱ्याचा तुकडा तोडायचा आणि त्यानं चणा उचलायचा.

बारे मोजताना ८० वर आठ-दहा जास्त धरा. पहिले दोन तेलाचा अंदाज घेण्यात जातात, आणि जिला ‘एक बारा अजून’ हवा असतो ती प्रत्येक भिशीत असते.